धूर घरात का परततो?



वसंत ऋतूत लोकांसाठी व्याख्याने भरवण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून राज्यकारभार, इतिहास, वाङ्मय, वेदान्त असल्या थोर विषयांचा ऊहापोह होत आला आहे. त्या पंक्तीत चुलीच्या धुरांड्याला बसवताना मला संकोच वाटतो. चालकांनी मला बोलावले ते मी कामगार चळवळीवर बोलावे म्हणून. मी त्यांना म्हणालो, तीस वर्षे मी लोकांच्या तक्रारी ऐकत आलो. पण एक तक्रार ऐकायला मी चुकलो, आणि ती माझ्याच घरातली होती. त्या तक्रारीविषयी मला बोलू द्या.

आपण म्हणाल, आता चूल राहिली आहे कोठे? १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली. ते खरे आहे आणि ते चांगलेच झाले. परंतु नाणे मावळात, आंदर मावळात, पवन मावळात पहाटे एक फेरी मारा. कौलांतून धूर वर येताना दिसेल. गॅस चहापुरता आणि पाहुण्यापुरता. भाकरी चुलीवर, अंघोळीचे पाणी बंबात. सिलिंडरला रोख पैसे पडतात, सरपण पाठीवरून आणता येते. जोवर हा हिशेब आहे तोवर चूल आहे, आणि जोवर चूल आहे तोवर तिचा धूर कोठे जातो हा प्रश्न आहे.

माझी चूक

१९९४ साली मी चोवीस वर्षांचा होतो. शाळा नववीत सुटली होती, तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात हेल्पर होतो, आणि हाताला लागेल ते छापील वाचण्याचा नाद होता. एका पुस्तिकेत निर्धूर चुलीचा नकाशा पाहिला आणि आईसाठी तशी चूल बांधायचे मनाने घेतले. आमचे घर नाणे मावळातले. मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले. चूल आणि तिला जोडून वैल, अशी दोन भांड्यांची बैठक मी मातीने घातली. ती बरी साधली. घोळ झाला तो धुरांड्यात. कौल काढून नळी वर नेली तर पावसात घर गळेल, या भीतीने मी नळी भिंतीतून आडवी बाहेर काढली, एल्बो लावून वर वळवली आणि वळचणीच्या खालीच थांबवली. बाहेरून ती मोठी ऐटदार दिसे. शेजारी पाहून जात.

उन्हाळ्याचे दोन महिने चूल ठीक चालली. मग मृग लागला, मी पाळीवर निघून गेलो. गणपतीला चार दिवस घरी राहिलो तेव्हा पाहतो तो धुरांड्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलेला, वैलाच्या भोकावर फरशीचा तुकडा ठेवलेला, आणि आई पूर्वीसारखीच डोळ्यांना पदर लावून फुंकणी फुंकते आहे. मला राग आला. म्हटले, "अगं, मला सांगायचं नाहीस का?" ती म्हणाली, "तू ईचारलंस कवा?"

कारखान्यात परतल्यावर मी ही हकीकत बॉयलरवरच्या वस्तादांना सांगितली. ते हसले नाहीत. भिंतीवर यू अक्षराच्या आकाराची काचेची एक नळी लावलेली होती, तिच्यात रंगीत पाणी होते; एका अंगाला ते किंचित वर चढलेले. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही चिमणीची ओढ. पाण्याच्या मिलिमीटरात मोजायची. आधी हे समज, मग आईची चूल दुरुस्त कर." जे मला त्या दिवशी समजले तेच आज आपणांपुढे मांडतो.

ओढ म्हणजे काय?

ओढ हा शब्द थोडा फसवा आहे. धुरांडे स्वतः काही ओढीत नाही. तराजूच्या दोन पारड्यांची कल्पना करा. एका पारड्यात धुरांड्याच्या आतली तापलेली हवा, दुसऱ्यात तेवढ्याच उंचीची बाहेरची थंड हवा. तापलेली हवा फुगते, म्हणून हलकी होते. जड पारडे खाली जाते आणि हलके वर उचलले जाते. बाहेरची जड हवा चुलीच्या तोंडातून आत शिरते आणि आतल्या हलक्या धुराला वर ढकलते. ही ढकल म्हणजेच ओढ.

आता थोडे गणित. तीस अंश उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारे ११६० ग्रॅम भरते. दीडशे अंशांची सुमारे ८३० ग्रॅम. लोणावळ्याच्या उंचीवर दोन्ही आकडे थोडे कमी, पण हिशेब तोच. फरक ३३० ग्रॅमचा. धुरांडे तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट उंच असेल तर एक चौरस मीटर जागेवर हा फरक जवळपास एक किलो होतो. एक चौरस मीटर जागेवर एक किलो पाणी पसरले तर त्याचा थर किती जाड होईल? एक मिलिमीटर. एवढाच आपल्या धुरांड्याचा जोर.

तो किती तोकडा आहे हे कळण्यासाठी दूर जायला नको. लोणावळ्याच्या तळ्यांतले पाणी १९१५ पासून नळांतून घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात उतरते. ती उतरण पाचशे मीटरांहून अधिक आहे. तेथेही जोर येतो तो उंचीतून आणि वजनातून, आणि येथेही त्यांतूनच. पण तेथे पाचशे मीटर पाण्याचा दाब, येथे एक मिलिमीटर पाण्याचा. म्हणजे पाच लाखांवा हिस्सा. त्या नळातल्या पाण्याला एखादे वळण आडवे आले तर ते जुमानत नाही. आपला धूर मात्र एका एल्बोपाशी अडखळतो, एका फटीत शक्ती गमावतो, आणि वाऱ्याची एक झुळूक वरून आली की माघारी फिरतो. ज्याची शक्ती थोडी, त्याने ती फुकट घालवायची नसते. धुरांड्याची सगळी विद्या या एका वाक्यात आहे.

ही ओढ वाढवायचे मार्ग तीनच: उंची वाढवा, आतली हवा गरम ठेवा, वाटेतले अडथळे काढा. आपल्या घरातल्या तांब्याच्या बंबात हे तिन्ही आयतेच साधलेले असते. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि विस्तव. नळी सरळ असते, विस्तवाच्या नेमकी वर असते, आणि खालून हवेला मोकळी वाट असते. म्हणून चार काटक्यांवर बंब घों घों करू लागतो. तो आवाज ओढीचा आहे. राख साचून खालची जाळी बुजली की आवाज बंद होतो आणि न्हाणीघर धुराने भरते.

"कधी?" हा पहिला प्रश्न

एखाद्या खात्यात कुरबूर झाली की नवशिका कार्यकर्ता विचारतो, "कोणाची चूक?" अनुभवी कार्यकर्ता विचारतो, "केव्हापासून? कोणत्या पाळीला?" चुलीपुढेही हाच प्रश्न विचारावा, आणि तो रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईला विचारावा. धूर घरात येतो, एवढ्याने काही कळत नाही. तो कधी येतो हे कळले की अर्धे निदान झाले.

पेटवतानाच धूर येतो, मग बंद होतो. याचा अर्थ धुरांडे बरे आहे, फक्त थंड आहे. रात्रभर गार पडलेल्या नळीत जड हवा बुचासारखी बसलेली असते. जाड भिंतीतले धुरांडे असेल तर दुपारी बाहेर ऊन आणि आत गारवा, अशा वेळी आतली हवा उलटी खाली उतरत असते. उपाय सोपा आहे. चूल पेटवण्यापूर्वी धुरांड्याच्या बुडाशी, राख काढायच्या भोकात, कागदाचा किंवा वाळल्या पेंढ्याचा एक बोळा पेटवावा. नळी तापली, ओढ सुरू झाली, की मग चुलीत जाळ घालावा. त्यातही आधी बारीक वाळक्या काटक्या, मग ढलप्या. पहिल्या पाच मिनिटांत ओंडका घालणे म्हणजे गाडी सुटण्यापूर्वीच तिला ब्रेक लावणे.

रोज, सदासर्वदा धूर येतो. हा बांधणीतला दोष. माझी चूल यातलीच. येथे चार गोष्टी पाहाव्यात. पहिली उंची: नळीचे टोक छपराच्या आढ्यापेक्षा निदान दोन फूट वर हवे. वळचणीखाली सोडलेली नळी धुराला बाहेर काढत नाही, भिंतीवर आणि कौलांखाली पसरवते, आणि तो पुन्हा घरात येतो. दुसरी वळणे: आडवा नळ हा धुराचा वैरी. वळवणे भागच असेल तर काटकोनात न वळवता तिरकस वळवावे. तिसरी नळीची रुंदी: दोन भांड्यांच्या चुलीला चार इंची नळी सोयीची पडते. तीन इंची नळी लवकर कोंदते. आणि फार रुंद नळीत धूर रेंगाळतो, गार होतो आणि ओढ मरते. चौथी गोष्ट म्हणजे गळती. पुष्कळांना वाटते की भेगेतून धूर बाहेर येईल तेवढेच नुकसान. खरे नुकसान उलटे आहे. ओढ चालू असताना भेगेतून बाहेरची थंड हवा आत शिरते, धूर गार करते आणि ओढीचा वाटा खाते. मग चुलीच्या तोंडाशी ओढ उरत नाही. वैलावर भांडे नसताना ते भोक उघडे राहिले, किंवा गोल भोकावर डगमगते भांडे ठेवले, तरी हाच प्रकार होतो. वैलावर नेहमी भांडे किंवा नीट बसणारे झाकण हवे.

ही चोरवाट शोधायला एक उदबत्ती पुरे. चूल पेटलेली असताना उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून, भांड्याच्या कडेजवळून, नळीच्या जोडाजवळून हळू फिरवावी. तिचा धूर जेथे झटकन आत ओढला जाईल तेथे फट आहे. चूल गार झाल्यावर ती शेणमातीने लिंपून घ्यावी.

पूर्वी बरी होती, हल्ली धूर येतो. येथे काजळी आणि राख हे दोन आरोपी. चार इंची नळीला आतून सगळीकडे अर्धा इंच काजळी धरली तर नळी तीन इंची उरते. ऐकायला फरक एका इंचाचा, पण मोकळी वाट सोळा भागांतून नऊ भागांवर येते. तीन इंची नळीत तेवढीच काजळी धरली तर निम्म्याहून कमी वाट राहते. नळी सरळ असेल तर तपासणी सोपी: चूल गार असताना बुडाच्या भोकात लहान आरसा तिरका धरावा. आरशात आकाश गोल आणि स्वच्छ दिसले तर वाट मोकळी. दिसले नाही तर दोरीला काथ्याचा बोळा आणि वजनाला लहानसा दगड बांधून वरून दोन-चार वेळा खालीवर करावा, नाकातोंडाला फडके बांधून. चूल रोज पेटत असेल तर दोन महिन्यांतून एकदा हे काम करावे. वैलाकडे जाणारी आतली वाटही राखेने बुजते. तीत हात घालून राख ओढून काढावी.

वारा सुटला की धूर येतो. हा आपल्या मुलखाचा खास आजार. पावसाळी वारा कोकणातून येऊन घाटाच्या कड्यावर आदळतो आणि वर उसळतो. नागफणीकडे कड्याच्या तोंडाशी उभे राहिले की तो अंगावर येतो. पण डोंगर ओलांडल्यावर पलीकडच्या अंगाला तोच वारा गडगडत खाली उतरतो. लोहगड-विसापूरच्या पायथ्याच्या एका वाडीत मी पाहिले आहे: एकाच गवंड्याने बांधलेल्या दोन चुली, एकीचा धूर सुतासारखा सरळ वर, दुसरीचा घरात. दुसरे घर टेकाडाला चिकटून होते. वारा टेकाडावरून थेट नळीच्या तोंडात पडत होता. एक मिलिमीटरची ओढ त्यापुढे काय टिकणार! अशा ठिकाणी नळीच्या टोकाला टी लावावा, म्हणजे वरून मारा बसत नाही आणि वारा आरपार निघून जातो. जवळचे आढे, पाण्याची टाकी किंवा आंब्याची डहाळी नळीहून उंच असेल तर तीही पाहावी. पावसासाठी पत्र्याची टोपी लावतात ती नळीला टेकवू नये. टोपी आणि नळीचे तोंड यांत निदान तीन-चार बोटे अंतर असावे, नाहीतर पाऊस अडतो आणि धूरही अडतो.

दार लावले की धूर येतो. हा नव्या घरांचा रोग. जुन्या कौलारू घराला शंभर फटी होत्या. स्लॅबच्या घरात दारे-खिडक्या घट्ट बसतात. धुरांड्यातून जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कोठून तरी आत यायला हवी; ती आली नाही तर धूर जागचा हलत नाही. लोणावळ्यात एका बंगल्याच्या आवारात राखणदाराच्या खोलीत हाच प्रकार होता. त्याची बायको सांगे, "धूर संध्याकाळीच येतो." सकाळी का नाही? कारण संध्याकाळी ती एक्झॉस्ट पंखा लावी, धूर जावा म्हणून! पंख्याचा जोर धुरांड्याच्या कितीतरी पट. तो खोलीतली हवा खेचू लागला की धुरांड्यातूनच हवा खाली येई आणि धूर बरोबर आणी. पंखा बंद केला, चुलीच्या अंगाची खिडकी चार बोटे उघडली, आणि खोली मोकळी झाली. खर्च शून्य. पण हे कळायला "सकाळी का नाही?" असे कोणी तरी विचारावे लागले.

पावसाळ्यात धूर येतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथे वाळके सरपण हीच मोठी संपत्ती. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. ते लाकूड चुलीत घातले की आगीची पहिली मजुरी ते पाणी उकळण्यात जाते. उरलेल्या आगीतून जो धूर निघतो तो गार, ओला आणि जड. गार धुराला ओढ नाही. शिवाय त्यातले पाणी आणि डांबर नळीच्या थंड भिंतीवर बसते आणि काळे थेंब होऊन चुलीत टपकते. बाया सांगतात, "धुरांडं रडतंय." लाकूड ओले आहे, एवढाच त्या रडण्याचा अर्थ. सरपण चैत्र-वैशाखात फोडून ठेवावे, कारण अख्खा ओंडका वर्षभरातही आतून वाळत नाही आणि फोडलेली ढलपी काही महिन्यांत वाळते. ते जमिनीपासून वीतभर उंच, पावसाआड पण वारा लागेल असे रचावे. उद्याची लाकडे आज चुलीच्या जवळ ठेवावीत; चुलीवर मात्र रचू नयेत, त्यातून आगी लागतात.

सहा प्रश्न झाले. एक सातवा उलटा प्रश्नही आहे. कधी कधी बाई म्हणते, "धूर नाही, पण चूल लाकूड फार खाते." तेथे ओढ जादा झालेली असते, जाळ भांड्याला न लागता नळीत पळतो. नळीत पत्र्याची सरकती झडप बसवून ओढ कमी करता येते. पण निखारे धुमसत असताना झडप पुरती बंद करू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच मारतो. बंद न्हाणीघरात बंब किंवा बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणे याच कारणाने घातक आहे. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे कधीही समजू नये.

उंचीची लाच आणि आगगाडीचे इंजिन

उंचीवाचून ओढ निर्माण करता येत नाही का? येते, आणि तिचा प्रयोग आपल्या घाटात सत्तर वर्षे जाहीर चालला होता. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि १९३० च्या सुमारास ती विजेवर गेली. मधल्या काळात वाफेची इंजिने घाट चढत. त्यांना बोगद्यांतून जायचे, म्हणून धुरांडे आखूड. मग भट्टीला ओढ कोठून? सिलिंडरात काम करून बाहेर पडणारी वाफ धुरांड्यातून जोराने वर सोडीत; ती आपल्याबरोबर धूर खेचून नेई आणि भट्टीत ताजी हवा शिरे. इंजिनाचा तो छुकछुक आवाज म्हणजे दर वेळी दिलेला ओढीचा एक धक्का. चढ जितका कठीण, तितकी वाफ जास्त, तितकी ओढ जास्त, तितकी आग प्रखर.

आपल्या चुलीला अशी वाफ नाही. धुरांडे आखूड असेल तर ती उणीव कोण भरून काढते? फुंकणी. म्हणजे एका बाईची छाती. धुरांड्याचे चार फूट वाचवले तर ते चार फूट तिच्या फुप्फुसांतून रोज वसूल होतात. हा हिशेब मला चोविसाव्या वर्षी कळला असता तर!

चूल बसवली, माणूस विसरला

निर्धूर चुलीची कल्पना नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम चालले होते, तेथून मगन चूल निघाली. हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये धूरविरहित स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ च्या सुमारास तो थांबला तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली होती. पुण्याला डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने लक्ष्मी चुलीसारखे नमुने तयार केले आणि गावच्या कारागिरांना त्या चुली साच्यातून घडवायला शिकवले.

मग इतक्या चुली गेल्या कोठे? कित्येक काही महिन्यांतच मोडल्या, कित्येकींच्या नळ्या काढून टाकल्या. कारण चूल बसवली त्या दिवशी काम संपले असे मानले गेले. धुरांडे हे खुर्चीसारखे नाही की एकदा आणून ठेवले की झाले. ते सायकलीसारखे आहे. झाडावे लागते, पाहावे लागते. त्या काळच्या करड्या सिमेंटी नळ्या अजून काही घरांत आहेत. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्या कापू, फोडू किंवा घासू नका. त्यांचे तंतू छातीत गेले तर कर्करोगाचे कारण होतात.

मी कारखान्यांत वावरलेला माणूस. १९४८ च्या कारखाना कायद्यात चौदावे कलम धूळ आणि धूर यांचे होते. धूळ-धूर जेथे निर्माण होतो त्याच्या शक्य तितक्या जवळून तो खेचून बाहेर काढावा, असे त्यात लिहिले होते. हे कलम मी मालकांपुढे कितीदा वाचून दाखवले याची गणती नाही. पण ज्या कामाच्या जागी सुटी नाही, पाळी बदलत नाही आणि इन्स्पेक्टर कधी येत नाही, त्या माझ्या आईच्या जागेला ते लागू नव्हते. विस्तवालगत बसवलेले, सरळ वर गेलेले धुरांडे म्हणजे त्या कलमाची घरातली अंमलबजावणीच.

१९९४ च्या दिवाळीत मी आईचे धुरांडे पुन्हा बांधले. कौल काढले, नळी सरळ आढ्याच्या वर दोन फूट नेली. पहिल्या पावसात गळले. मग पत्र्याचा घेर करून त्याची वरची कड वरच्या कौलाखाली आणि खालची कड खालच्या कौलावर अशी सारली, तेव्हा पाणी थांबले. लाकडी वासे नळीपासून हातभर दूर ठेवले. जेथे तेवढी जागा नव्हती तेथे नळीभोवती दुसरी रुंद नळी घालून मधे हवा खेळती ठेवली. चूल चालली. पुढची सतरा वर्षे आईने फुंकणी क्वचितच हातात घेतली.

पण तोवर तीस-पस्तीस वर्षांचा धूर छातीत जाऊन बसला होता. शेवटची चार वर्षे तिला दोन पावलांवर दम लागे. २०११ साली ती गेली. तिला प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरांनी फोटो पाहून मला विचारले होते, "आजी विडी किती ओढत होत्या?" तिने जन्मात विडीला हात लावला नव्हता. घरातल्या धुराने होणाऱ्या आजारांत जगात २०२० या एका वर्षी सुमारे बत्तीस लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मी जेव्हा जेव्हा तो आकडा वाचतो तेव्हा मला डॉक्टरांचा तो प्रश्न आठवतो.

धुरांड्याची थोरवी मी गातो आहे असे समजू नका. धुरांडे धूर नाहीसा करीत नाही, घराबाहेर नेऊन सोडते. ज्याला गॅस परवडतो त्याने गॅसच वापरावा. आणि ज्याला परवडत नाही त्याला तो परवडावा म्हणून भांडावे, ते माझे कामच आहे. पण तोवर उद्या सकाळची भाकरी आहे, आणि ती भाजणारी बाई आहे.

मृगाच्या आधी आपण घर शाकारतो. फुटकी कौले बदलतो, पन्हळ साफ करतो. त्याच दिवशी शिडी लावलेलीच असते, तेव्हा धुरांडेही झाडावे, टोपी पाहावी, आरशात आकाश दिसते का ते बघावे. शिडीवर चढण्यापूर्वी मात्र एक काम करावे. चुलीपुढे जाऊन बसावे आणि विचारावे, "धूर येतो का? कधी येतो?" आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून उठू नये.